एकमेव प्रशिक्षित मनुष्यबळ

आरोग्य या विषयावर शासनाला आजवर जे जे काही कोणाला शिकवावंसं वाटलं, ते ते सगळं माझ्या साडूंना शिकवून झालेलं आहे. यात अतिशयोक्ती असलीच तर एवढीच, की काही गोष्टी त्यांना दोनदा शिकवल्या आहेत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमसर तालुक्यात, जिथून मध्य प्रदेशची हद्द सायकलनं गाठता येते अशा बाजूला, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आरोग्य सेवक आहेत. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण त्या गावातल्या लग्नांत मला अजून जेवायचं आहे. मी स्वतः भंडाऱ्याला भांड्यांचं दुकान चालवतो. पितळेसाठी नावाजलेल्या गावात मी स्टील विकतो, यावरून माझी धंद्यातली दूरदृष्टी ओळखावी. आयुष्यात मी एकाच गोष्टीचं प्रशिक्षण घेतलं, ते पोहण्याचं, आणि तेही कमरेइतक्या पाण्यात सोडून दिलं. त्यामुळे शिकणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे आणि थोडी भीतीही. जिल्ह्याची सगळी प्रशिक्षणं भंडाऱ्यालाच होतात आणि आमचं घर एसटी स्टँडपासून दहा मिनिटांवर. प्रशिक्षण निवासी असलं तरी साडूंचा निवास आमच्याकडे. निवासी प्रशिक्षणात निवास कागदावर असतो आणि ढेकूण खोलीत, असं त्यांचं अनुभवाचं मत आहे.

ते आदल्या दिवशी संध्याकाळी येत. दारात चपला काढता काढताच, सण जाहीर करावा तसं जाहीर करत, "साडूभाऊ, उद्यापासून तीन दिवस कुष्ठरोग. मंग शुक्रवारी सर्पदंश. सोमवारपासून हत्तीरोग हाय, तवा रविवारी कायले वापस जाऊ म्हनलं." हे सगळं खणखणीत आवाजात. शेवटी एकदा शेजारच्या काकूंनी बायकोला भिंतीवरून हळूच विचारलं, "तुमच्या भाऊजीची तब्येत एवढी काहून बिघडून राहिली जी?"

सकाळी मात्र त्यांच्याकडे पाहत राहावं. पांढरा कडक शर्ट, खिशात दोन पेनं, एक स्वतःसाठी आणि एक जो विसरून येईल त्याच्यासाठी. नऊच्या प्रशिक्षणाला साडेआठला जाऊन ते सभागृहाचं कुलूप उघडायला शिपायाला मदत करत आणि पहिल्या रांगेत, व्याख्यात्याच्या बरोबर समोर बसत. बाकीची मंडळी मागच्या भिंतीपासून जागा भरत येत. साडूंना प्रश्न पडत नसत, सुचत. व्याख्याता श्वास घ्यायला थांबला की यांचा हात वर. समारोपाला आभार मानण्याचं काम आपोआप त्यांच्याकडे येई, आणि ते पाहुण्यांपासून सुरुवात करून पाण्याचे कॅन आणणाऱ्या ऑटोवाल्यापर्यंत पोचत. प्रतिक्रियेच्या कागदावर ‘सुधारणा सुचवा’ या रकान्यात त्यांची सूचना कायमची ठरलेली, ‘कालावधी वाढवावा.’ ‘वेळेचे व्यवस्थापन’ या एका दिवसाच्या प्रशिक्षणाचं उद्घाटन प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत दुपारच्या जेवणानंतर झालं आणि पाठोपाठ समारोप. तिथंही त्यांनी तेच लिहिलं. ती सूचना रास्त ठरण्याची ती पहिलीच वेळ.

प्रशिक्षण संपलं की एक पिशवी मिळते. आमच्या खानदानात आता दुसरी पिशवी उरलेली नाही. सासूबाई आंधळगावच्या बाजारात ‘लाजू नका, थुंकी तपासून घ्या’ असं ठळक अक्षरात लिहिलेली पिशवी घेऊन वांगी आणायला जातात आणि वांगीवाला त्यांना हातभर लांबून वांगी देतो. माझ्या दुकानातली उधारीची वही ‘पाळणा लांबवा’ असं छापलेल्या फोल्डरात आहे. गिऱ्हाईक ते वाचून हसतं आणि उधारी मात्र खरोखरच लांबवतं.

पण हे सामानाचं झालं. खरी पंचाईत होती ती त्यांनी तिथून आणलेल्या खेळांची. मोठी माणसं जेवणानंतर पेंगतात म्हणून प्रशिक्षणात त्यांना उभं करून काही खेळ खेळवतात. माझ्या पुतणीच्या साक्षगंधाला, दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर गप्प बसलेली पाहून साडूंना राहवलं नाही. त्यांनी सगळ्यांना एक-दोन-तीन म्हणायला लावून गट पाडले. नवऱ्या मुलाचे वडील, आमची मोलकरीण आणि भटजी एका गटात आले. प्रत्येक गटाला एकेक चार्ट पेपर आणि स्केच पेन दिला, वर लिहायला सांगितलं ‘या लग्नाकडून आमच्या अपेक्षा’. मुलाच्या मामांनी भाबडेपणानं पहिल्याच ओळीत ‘मोटरसायकल’ लिहिलं. चार्ट भिंतीला लावला तेव्हा ते शंभर माणसांनी वाचलं. साडू शांतपणे म्हणाले, "ही अपेक्षा जरा स्पष्ट करून सांगा जी, सगळ्यायले समजली पायजे." मामा घामाघूम. "म्हणजे... वऱ्हाड आलं का बसस्टँडवरून आणायले एखादी मोटरसायकल पाठवावी." टाळ्या झाल्या. पुढे त्या विषयावर त्या घरातून चकार शब्द निघाला नाही. माझा भाऊ आजही म्हणतो, शासनाचं एवढं एक प्रशिक्षण लागू पडलं.

आता कोणी विचारेल, एवढं शिकून त्यांनी केंद्रात केलं काय? हा प्रश्न अशिष्ट आहे. आमच्याकडे शिकणं हे एक खातं आहे आणि काम हे दुसरं, आणि एका खात्याची फाईल दुसऱ्यात जात नाही. संगणकाचं प्रशिक्षण घेऊन ते परत गेले तेव्हा केंद्राचा संगणक फुलाफुलांच्या कापडाखाली होता आणि खोलीची किल्ली बडेबाबूंच्या करदोड्याला. बडेबाबू म्हणजे तिथले कारकून, वयानं आणि देहानंही बडे. ते म्हणाले, "शिकले ना? मंग झालं. हात कायले लावता?" लस ठेवण्याच्या फ्रीजचं प्रशिक्षण झालं, तेव्हा साडू दोन वेळा तापमान पाहून लिहायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना बोलावणं आलं, कारण त्या महिन्याचं तापमान एक तारखेलाच लिहून झालेलं होतं आणि यांचे आकडे त्याच्याशी जुळत नव्हते. फ्रीज चुकत होता की साडू, यावर थोडी चर्चा होऊन साडू चुकत होते असं ठरलं. ‘नेतृत्वगुण विकास’ शिकून आले, त्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी त्यांना चहाच्या कपांची यादी करायला बसवलं. साडूंना याचं वाईट वाटलं का? मुळीच नाही. ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेत आणि पुढच्या पत्राची वाट पाहत. आपलंच नाव का जातं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. "साहेबायचा विश्वास हाय माह्यावर," ते ताटावर बसून सांगत. "मोठ्या कामाले मानूस तयार करून राहिले." ही तयारी वीस वर्षं चालू होती. ऐकून मी वरण वाढून घेई. मला तरी कुठं जास्त कळत होतं!

त्याच केंद्राच्या हाताखाली एक उपकेंद्र आहे, नाल्यापलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. तिथं रामटेके सिस्टर. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि त्या एकट्या. लसीकरण, गरोदर बाया, तापाच्या गोळ्या, चौदा नोंदवह्या, सगळं त्यांच्याच हातात. एकदा एक बाई त्यांच्या फाटकापाशी ऑटोतच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सिस्टरनं जे येत होतं ते केलं. बाई वाचली. पण सिस्टर दुसऱ्याच दिवशी केंद्रात येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, थे बाई नशिबानं वाचली. मले नशिबाच्या भरवशावर नोकरी नाई करायची. बाळंतपणाच्या मोठ्या ट्रेनिंगले मले पाठवा." हे प्रशिक्षण तीन आठवड्यांचं, जिल्ह्याच्या गावी. साहेब म्हणाले, नक्की. मग पोलिओची मोहीम आली. मग धानाची रोवणी आली, तापाचे पेशंट वाढले. मग कसलासा सर्व्हे आला. दर वेळी एकच अडचण, सिस्टरला सोडलं तर उपकेंद्र कोण पाहणार? तीन वर्षं त्या अर्ज देत होत्या आणि तीन वर्षं त्यांच्यावाचून अडत होतं.

आणि मग ते घडलं, जे फक्त आपल्याकडेच घडू शकतं. बाळंतपणाच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं, ‘आपल्या केंद्रातून एक आरोग्य कर्मचारी पाठवावा.’ बडेबाबूंच्या संगणकात साडूंच्या नावाचं कार्यमुक्तीचं पत्र कायमचं तयार असे. दर वेळी फक्त तारीख आणि विषय बदलायचा. त्यांनी तारीख बदलली, विषय बदलला. डॉक्टरसाहेबांनी चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात त्यावर सही केली. आणि एका सोमवारी सकाळी पंचावन्न वर्षांचे माझे साडू, पांढरा शर्ट आणि दोन पेनं घेऊन, तेवीस नर्सबायांच्या पुढं पहिल्या रांगेत जाऊन बसले.

तिथल्या इन्चार्ज बाई म्हणाल्या, "पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

"मी नातेवाईक नाई जी. मी प्रशिक्षणार्थी."

बाईंनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. फोनाफोनी झाली. पण बॅच चोवीसची ठरलेली, एक परत पाठवला तर तेवीसचा अहवाल कोण देणार? बसू द्या, असं वरून आलं. प्रसूतिगृहात पुरुषाला नेणं शक्यच नव्हतं, म्हणून बाया वॉर्डात गेल्या की साडू सभागृहात एकटे, समोर टेबलावर कमरेपासून खालची एक रबरी बाई आणि एक रबरी बाळ. तीन आठवडे त्यांनी त्या बाळाला इतक्या वेळा सुखरूप जन्माला घातलं, की शेवटी त्याचा रंग उडाला. घरी येऊन ते माझ्या उशीवर करून दाखवत. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळे. मी "साडूभाऊ, ती उशी माझ्या डोक्याखालची आहे" असं सुचवून पाहिलं, पण ते रंगात आलेले. एकदा मात्र उशी हातात धरून मध्येच थांबले. म्हणाले, "बाई काय सोसते जी, साडूभाऊ. माह्या घरच्या दोन्ही येळी मी बाहेर तंबाखू मळत बसलो होतो. मले वाटे, मीच मोठ्या टेन्शनमंदी हावो." आमच्या घरी ती वेळ आली तेव्हा मला तंबाखूचं व्यसनही नव्हतं. मी नुसताच बसलो होतो.

प्रमाणपत्र घेऊन ते परत गेले आणि पुढच्या बॅचसाठी सिस्टरचा अर्ज वरून परत आला. शेरा होता, ‘आपल्या केंद्रात सदर विषयाचे प्रशिक्षित मनुष्यबळ उपलब्ध आहे.’ ते मनुष्यबळ त्या वेळी केंद्राच्या ओसरीवर ताक पीत बसलं होतं. सिस्टरनं कागद त्यांच्यापुढं धरला.

"भाऊ, आता केस आली का तुमालेच बोलावतो. धोतर-बिटर सांभाळून या."

"काहून जी?"

"काहून म्हन्जे? मी अडानी. प्रशिक्षित तुमी हा."

साडू हसले. त्यांना ती थट्टा वाटली, आणि ताकही बरं झालं होतं.

हे सगळं असंच सुखानं चालू राहिलं असतं. पण त्या वर्षी एक पाहणी निघाली. आरोग्य संस्थांमध्ये कर्मचाऱ्यांच्या विकासाला पोषक वातावरण आहे की नाही, हे शोधून काढायचं होतं. प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एक प्रश्नावली. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढं पाच चौकोन, ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की कर्मचाऱ्यांनी मनमोकळेपणानं उत्तरं द्यावीत आणि हा मनमोकळेपणा कार्यालयप्रमुखांच्या स्वाक्षरीनिशी तीन दिवसांत सादर करावा. बडेबाबूंनी एका दुपारी, एकाच निळ्या पेनानं, सगळ्यांच्या वतीनं ‘नेहमी’वर खुणा केल्या. सफाई कामगाराचं पद चार वर्षं रिकामं होतं, त्याचाही फॉर्म भरला गेला. रिक्त पदसुद्धा वातावरणाबद्दल समाधानी आढळलं.

पण साडूंनी आपला फॉर्म स्वतः भरायला मागितला. कोणताही छापील फॉर्म दुसऱ्यानं भरावा हे त्यांना सहनच होत नाही. ते एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते. ‘तुमचे वरिष्ठ तुमच्या चुकांकडे शिकण्याची संधी म्हणून पाहतात काय?’ नेहमी. ‘तुम्ही शिकलेले कौशल्य कामात वापरण्यास प्रोत्साहन मिळते काय?’ इथं पेन जरा रेंगाळलं, पण नेहमी. मग पुढचा, ‘प्रशिक्षणासाठी योग्य व्यक्तीची निवड केली जाते काय?’ हा तर त्यांच्या जिव्हाळ्याचा. त्यांनी उत्साहानं बडेबाबूंना विचारलं, "काहो बडेबाबू, हर येळी माहंच नाव काहून जाते जी? साहेब काय म्हनते?"

बडेबाबू कागदांना टाचण्या मारत होते. मान वर न करता, अगदी सहज, कोणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं ते म्हणाले, "तुमी गेले तं इथं काई अडत नाई ना. म्हनून."

त्यात दुष्टपणा नव्हता. पुढची टाचणी कुठं आहे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ते फॉर्म जिल्ह्याला पोचवायचं कामही साडूंवरच आलं, आणि का आलं ते आता त्यांना कळत होतं. त्या दिवशी ते आमच्याकडे आले तेव्हा दारात काही जाहीर झालं नाही. बायकोनं त्यांच्यासाठी आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं. त्यांनी अर्धी भाकरी खाऊन हात धुतला आणि मला तो फॉर्म दाखवला. एकोणचाळीस खुणा, एक ओळ कोरी.

"साडूभाऊ, वीस वर्ष मले वाटे मी हुशार हावो," ते म्हणाले. "आन् थे सिस्टर. तिच्याबिगर अडते म्हनून तिले पाठवत नाई, आन् माह्याबिगर अडत नाई म्हनून मले. तिची जागा मी खाऊन बसलो जी. उद्या तिच्या फाटकात एखादी बाई गेली तं?"

मी व्यवहारी माणूस. मी म्हटलं, "सोडा हो साडूभाऊ. तीन वर्षं राहिली नोकरी. आपण काय करणार?"

बायको आतून म्हणाली, "यायचं नका ऐकू, भाऊजी. यायनं आयुष्यात काई केलं का?" माझ्या संसारातली बहुतेक निर्णायक वाक्यं अशी आतूनच आलेली आहेत.

मग मी अर्जाचा मसुदा करायला बसलो. दुकानाच्या बिलाच्या पाठीवर चार मसुदे फाडले, कारण अशा विनंतीची भाषाच मराठीत तयार नव्हती. लोक प्रशिक्षित आहोत असं ठरवून घ्यायला अर्ज करतात. शेवटी लिहिलं, ‘सदर प्रशिक्षणातून मला काहीही आलेले नाही. सबब माझे नाव प्रशिक्षितांच्या यादीतून कमी करण्यात यावे ही विनंती.’ साडूंनी सही करताना ‘काहीही आलेले नाही’ हे शब्द दोनदा वाचले. माणसानं स्वतःच्या हातानं आपली पाटी पुसावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, "‘फारसे’ घालू का? ‘फारसे आलेले नाही’?" ते म्हणाले, "नोको. फारशात काम नाई होत."

केंद्रात बडेबाबू म्हणाले, असा नमुनाच नाही. तालुक्याला म्हणाले, आलेलं ज्ञान परत घेण्याची तरतूद नाही. साडू थेट भंडाऱ्याला, प्रशिक्षण पाहणाऱ्या मॅडमकडे गेले. सोबत मी होतो, म्हणजे बाकावर बसायला. मॅडमनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "नुसतं म्हणून चालत नाही भाऊ. परीक्षा परत द्या. नापास झालात तर नाव कमी करते." आणि तिथंच वीस प्रश्नांचा पेपर पुढं ठेवला, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय.

साडूंनी पेपर पंधरा मिनिटांत दिला. मॅडम तपासायला लागल्या. पहिलं चूक. दुसरं चूक. पाचव्यानंतर त्यांनी चष्मा नीट केला. दहाव्यानंतर साडूंकडे पाहिलं. विसाव्यानंतर पेन खाली ठेवलं.

"भाऊ, डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी चार-पाच बरोबर आले असते."

"माहं नशीबच तसं हाय, मॅडम."

"वीसच्या वीस चूक यायला काय लागतं ठाऊक आहे का तुम्हाला?"

साडूंनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यभर ज्यानं पैकीच्या पैकी घेतले, त्या माणसानं एका बाईसमोर शून्य घेतलं होतं आणि ते शून्य त्यांना मनापासून लागत होतं, हे मला बाकावरूनही दिसत होतं. मॅडमनी शेरा लिहिला, ‘अप्रशिक्षित. पुढील बॅचमध्ये संबंधित आरोग्य सेविकेस पाठवावे.’ खाली सही, शिक्का. हा कागद साडूंनी लॅमिनेट केला नाही. चार घड्या करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

डॉक्टरसाहेबांनी पत्र पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "मग उपकेंद्र कोण पाहणार?" साडू म्हणाले, "मी बसतो ना जी." साहेबांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं असावं. सुया टोचायला शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टर आठवड्यातून दोनदा येतील, बाकी सगळं हे पाहतील, असं ठरलं. रामटेके सिस्टर जाताना चौदा नोंदवह्या त्यांच्या हवाली करून म्हणाल्या, "भाऊ, कोनाले आठवा-नववा महिना हाय थे लाल पेनानं लिवलं हाय. त्यायच्याकडे रोज जाजा. आन् गाडीचा फोन नंबर पाठ करा." साडूंनी तो तिथंच म्हणून दाखवला.

त्या तीन आठवड्यांत काय झालं ते मला नंतर मेव्हणीकडून कळलं. साडू सकाळी सातला सायकल काढत. लाल पेनाच्या पाच घरी जाऊन ओसरीवर बसत आणि पाय सुजले का, डोकं दुखते का, सगळं विचारत. विचारण्याची हौस त्यांना होतीच, आता फक्त उत्तरं देणारी माणसं मिळाली होती. विहिरीत औषध पडलं. फ्रीजचं तापमान लिहिलं गेलं, जे होतं ते. पाचांपैकी एकीच्या चेहऱ्यावरची सूज पाहून त्यांनी तिच्या सासूशी अर्धा तास भांडून, गाडी बोलावून तिला वेळेआधीच भंडाऱ्याला पाठवलं. तिथं जी सिस्टर शिकत होती, तिच्याच हातात ती बाळंत झाली. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप. साडूंनी कोणाचे आभार मानले नाहीत. गाडीच्या मागं नाल्यापर्यंत सायकल मारत गेले, आणि मग उभे राहिले, एवढंच.

सिस्टर शिकून परत आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात सरपंच आठ-दहा बाया घेऊन केंद्रात आले. सिस्टर तर पाहिजेच, पण हे भाऊसुद्धा इथंच पाहिजेत. दोन माणसांचं काम आहे, एकटी बाई किती करेल? डॉक्टरसाहेबांनी साडूंना उपकेंद्राला जोडून टाकलं. नंतर ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयाचं पत्र आलं. बडेबाबूंनी सवयीनं तारीख आणि विषय बदलला. साहेबांनी या वेळी कागद वाचला आणि साडूंचं नाव खोडून ड्रायव्हरचं घातलं. "यांना नाही सोडता येणार," ते म्हणाले. ही बातमी साडूंनी फोनवर सांगितली तेव्हा आवाजात एवढा अभिमान होता, की मीच दुकानात उठून उभा राहिलो. "मले सोडता येत नाई म्हनते, साडूभाऊ!" मग जरा खालच्या आवाजात, "दोन दिवसाचं होतं जी. चांगला विषय होता."

त्यानंतर ते आमच्याकडे आलेले नाहीत. वर्ष होऊन गेलं. संध्याकाळी दारात कोणी कुठला रोग जाहीर करत नाही. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, भाऊजी बरे झाले का? बायको "हो" म्हणाली आणि बराच वेळ ओट्याशी उगाच भांडी लावत राहिली. मला वाटत होतं, घर मोकळं झालं की मी सुखी होईन. झालो नाही.

परवा मंगळवारी प्रशिक्षणाच्या सभागृहावरून जाताना आत उजेड दिसला. मी कधी कोणत्या खिडकीतून डोकावणारा माणूस नाही, पण डोकावलो. मागच्या भिंतीपासून खुर्च्या भरलेल्या, पुढच्या रिकाम्या. व्याख्याते फळ्यापुढं उभे राहून म्हणाले, "कोणाला काही शंका?" कोणीच काही बोललं नाही. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मग खडू ठेवून दिला. मला काय झालं कोण जाणे, मी तिथंच उभा राहून फळ्यावरचं वाचायला लागलो. दोन ओळी होत्या. त्या ओठांत घोळवत घरी आलो आणि साडूंना फोन लावला.

"काय शिकवून राहिले होते जी?" त्यांनी लगेच विचारलं.

"सगळं कळलं नाही. पण फळ्यावर लिहिलं होतं, ‘ऐकणे ही उपचाराची पहिली पायरी आहे.’"

"वा!" ते म्हणाले. "मंग? पुढं?"

तेवढ्यात तिकडे एक बाळ जोरात रडलं आणि कोणी बाई म्हणाली, "भाऊ, या ना जी लवकर, बाया खोळंबल्या हायेत."

"आलो, आलो. ठेवतो, साडूभाऊ," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मी तो हातात धरून उभाच राहिलो. दुसरी ओळ मी पाठ करून आलो होतो. ती सांगायची राहिली.